गज आणि पट्टी

चेलो आणि पियानो ही युरोपीय संगीतातली दोनशे वर्षांहून जुनी जोडी आहे. बेथोव्हेनने या दोन वाद्यांसाठी पहिले दोन सोनाटा 1796 मध्ये रचले, आणि तेव्हापासून ही जोडी फुटलेली नाही. चेलो गजाने वाजतो. त्याला चार तारा, शेजारच्या दोन तारांत सा ते प एवढे अंतर, आणि बोटांखाली पडदे नाहीत. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते, आणि गज चालतो तोवर स्वर टिकतो, वाढवता येतो, विरवता येतो. पियानोचे काम वेगळे. त्याच्या 88 पट्ट्यांपैकी प्रत्येकीचा स्वर ठरलेला. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि आवाज त्या क्षणापासून ओसरू लागतो. पियानोवर मींड निघत नाही. पण खर्जापासून तारसप्तकापर्यंतचे सूर एकाच वेळी वाजवता येतात आणि लय बोटांत असते. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमते, म्हणून ही जोडी टिकली.

शास्त्रीय चौकटीबाहेरचे संगीत आत घेण्याचे कामही या जोडीने फार आधीपासून केले. शुमानने 1849 मध्ये चेलो-पियानोसाठी लोकगीतांच्या ढंगातल्या पाच रचना लिहिल्या. अर्जेंटिनाच्या पियाझोलाने 1982 मध्ये चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी ‘ले ग्रां टँगो’ रचला. ब्युनोस आयरेसच्या नाचघरातली लय त्याने मैफिलीच्या मंचावर आणली. अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ‘द पियानो गाइज’चे. पियानोवादक जॉन श्मिट आणि चेलोवादक स्टीव्हन शार्प नेल्सन ही यातली वाजवणारी जोडी. नाव आले ते सेंट जॉर्ज गावातल्या एका पियानोच्या दुकानावरून. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतली स्वरवाक्ये आणि ‘वन रिपब्लिक’ या बँडचे ‘सीक्रेट्स’ हे गाणे त्यांनी एकाच रचनेत गुंफले, आणि सिंफनी कधी न ऐकलेल्या लोकांनी ती रचना आवडीने ऐकली.

गोंदिया जिल्ह्यात चेलो-पियानोची परंपरा रुजली नाही. त्याची कारणे हवापाण्यात आणि वाहतुकीत आहेत. साधा उभा पियानोही दोनशे किलोच्या घरात जातो. त्याच्या दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांचा असतो आणि तो लोखंडी चौकटीवर तोललेला असतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, जूनपासून चार महिने दमट हवा, डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री दहा अंशांच्या खाली; इतक्या चढउतारात लाकूड फुगते, आकसते आणि वाद्य सुरात राहत नाही. वर्षातून दोनदा सूर लावायला येणारा कारागीर जवळपास नाही. चेलोचे लाकूडही तेवढेच नाजूक. शिवाय इथले मोठे संगीत बंद सभागृहात होत नाही; ते धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत, रातोरात उभ्या राहिलेल्या मंडपात होते.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीसह झाडीपट्टीत मोडतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये होतात, आणि धानाचे पैसे हाती आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. अर्जुनी मोरगावला लागून असलेल्या गडचिरोलीतल्या देसाईगंजला, म्हणजे वडशाला, नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. तिथून निघालेली मंडळी रोज नव्या गावी पोहोचते आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या नाटकांत गाणी जिवंत वाजतात. रंगमंचाजवळ वादक बसतात: ऑर्गन, तबला, आणि गेल्या काही दशकांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. एकाच रात्रीत रागावर बांधलेले नाट्यपद, लावणी, खडी गंमतीचा ठेका आणि चित्रपटाच्या चालीचे गाणे त्याच दोन-तीन वादकांच्या हातून जाते. चेलो-पियानोची जोडी मैफिलीत जे काम करते तेच काम इथे पायपेटीचा ऑर्गन आणि तबला करत आले आहेत. ते करताना उठणारा प्रश्नही तोच: शास्त्रीय संगीत इतर संगीतात मिसळले की त्याचे काय होते?

पुढचा संवाद या प्रश्नाच्या दोन बाजूंचा आहे. एक बाजू गोंदिया शहरात शास्त्रीय गायन शिकवणाऱ्या बाईंची आहे, दुसरी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ऑर्गनमास्तरांची. ही दोन्ही नावे भूमिकांची आहेत, कोणा विशिष्ट व्यक्तींची नाहीत.

बाई: मास्तर, मिश्रणावर माझा आक्षेप आहेच, पण तो नंतरचा. पहिला आक्षेप पट्टीवर आहे. पट्टीवरचा गंधार हा आपला गंधार नाही. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा तुमच्या ऑर्गनचा गंधार चढा आहे. ज्या मुलीचा कान अजून घडतोय तिला तुम्ही रोज चढा गंधार ऐकवता.

मास्तर: बाई, चढा आहे हे मान्य. पण किती, तेही सांगा.

हे अंतर मोजता येते. सप्तकाचे 1200 समान भाग धरले तर पियानो, पेटी, ऑर्गन आणि कीबोर्ड यांचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 भागांवर असतो; तंबोऱ्यातून उमटणारा 386 वर. चौदा भागांचा हा फरक सवय नसलेल्या कानाला जाणवत नाही, तंबोऱ्याबरोबर बसलेल्या कानाला टोचतो. पट्टीवाद्यांची ही समान विभागणी युरोपातल्या सोयीतून आली: कोणत्याही पट्टीवरून षड्ज धरला तरी रचना सारखीच वाजावी. त्या सोयीसाठी प्रत्येक स्वर थोडाथोडा हलवला गेला. दरबारीतला आंदोलित गंधार, तोडीतला आणखी उतरलेला गंधार, भैरवातले झुलणारे रिषभ-धैवत हे तर पट्टीवर मुळीच येत नाहीत, कारण त्यांची ओळख स्वराच्या हालचालीत आहे.

बाईंची ही तक्रार नवी नाही आणि ती एकट्या शास्त्रीय गवयांचीही नव्हती. दिल्लीच्या आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी 1938 मध्ये पेटीवर कडक टीका केली. पुढे 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती 1971 मध्ये सैल होईपर्यंत तीन दशके टिकली. फाउल्ड्स यांचे मूळ वाद्य चेलो होते. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात ते चेलो वाजवत. ज्याचे बोट आयुष्यभर बिनपडद्याच्या तारेवर सरकले त्याला ठरलेल्या स्वरांची पेटी अपुरी वाटणे स्वाभाविक होते.

बाई: पाहा, चेलो वाजवणाऱ्यानेच सांगितले होते.

मास्तर: त्याने पेटीला नावे ठेवली, पण मिसळण्याला ठेवली नाहीत. तोच माणूस दिल्लीत देशी वाद्ये घेऊन पूर्व-पश्चिमेचा वाद्यवृंद बांधत होता. म्हणजे तुमचा पहिला आक्षेप त्याचा आहे, दुसरा नाही.

मास्तरांचा मुद्दा बरोबर आहे आणि इथे तो महत्त्वाचा आहे. वाद्य अपुरे आहे आणि संगीत मिसळू नये या दोन तक्रारी नेहमी एकत्र केल्या जातात. त्या वेगळ्या ठेवल्या तरच बोलणे पुढे सरकते. पहिल्या तक्रारीवर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीपासून उपाय शोधले गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी 1910 च्या सुमारास श्रुतींची पेटी घडवायला घेतली. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. या प्रयत्नांनी स्वर अचूक मिळाले, पण स्वरांमधली वाट मिळाली नाही. ती वाट गजाकडे आणि गळ्याकडेच राहिली.

बाई: मग ऑर्गन सोडा. गळा आहे, सारंगी आहे.

मास्तर: सोडायची गरज पडली नाही, कारण दोन्ही एकत्र होते. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन होता, आणि सारंगीही होती.

संगीत नाटकाचा इतिहास मास्तरांच्या बाजूने बोलतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हाच त्याच्या पदांत साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या चाली आणि कर्नाटकी वळणे एकमेकांशेजारी होती. 1911 च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी, ते स्वतः पेटीचे नामांकित वादक. 1916 च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत आणल्या. तोपर्यंत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली होती आणि तिच्या वादकांत पुढे तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष आणि सोबत ऑर्गन असा संच जमला.

चेलो-पियानोचे तत्त्व या संचात शब्दशः सापडते. ऑर्गन षड्ज-पंचम धरतो, गायकाला आधार देतो, प्रवेश संपला की पुढचा प्रवेश उभा राहीपर्यंत वातावरण टिकवतो. सारंगी गळ्याच्या मागोमाग सरकते आणि पट्टीवर न येणारी मींड भरून काढते. गंधाराचे चौदा भाग चढे असणे त्या संचात फारसे खटकत नसे, कारण गंधारावर गळा आणि गज होते. पुढे नाटक मंडळ्यांचा खर्च आवरेना, माणसे कमी झाली आणि पहिली गेली ती सारंगी. बाईंचे दुःख खरे आहे. मात्र त्याचे मूळ मिश्रणात नसून या वजाबाकीत आहे. जोडीतला गज गेला आणि पट्टी एकटी राहिली.

बाई: गज गेला याचे तुम्हाला काही वाटत नाही?

मास्तर: वाटते. पण हंगामात एका गावाहून दुसऱ्या गावी रोज जायचे, थंडीत उघड्यावर रात्र काढायची. सारंगीच्या तरफा लावता लावता पहिला अंक संपेल. तबल्याची शाई-चामडी दवाने उतरते, तिलाच हातोडीने दर अंकाला वर घ्यावे लागते. ऑर्गन मात्र जिथे ठेवला तिथे वाजतो.

ऑर्गन इथे का टिकला याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. पेटीत एक हात भात्याला अडकतो, वाजवायला एकच उरतो. पायपेटीच्या ऑर्गनला खाली दोन पायटे असतात. ते आळीपाळीने दाबले की आतला भाता हवा ओढून घेतो, ती पितळी सुरांवरून जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बऱ्याच ऑर्गनला गुडघ्याने बाजूला ढकलायचा दांडा असतो. तो ढकलला की आवाज उघडतो, सोडला की मिटतो. डावा हात खालचा षड्ज धरून ठेवतो, उजवा पद वाजवतो, गुडघा आवाजाला चढउतार देतो. टिकणारा सूर हे चेलोचे बळ आणि दोन हातांची मोकळीक हे पियानोचे. एकाच वाद्यात दोन्हींचा काही अंश आला, फक्त मींड राहिली.

प्रयोगात या वाद्याचे काम पद वाजवण्यापुरते नसते. नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. दोघांचे युगुलगीत आले की कोणाच्या पट्टीत गायचे हा प्रश्न संवाद चालू असतानाच सुटावा लागतो. कसलेला मास्तर नायकाचे शेवटचे वाक्य संपायच्या आत मधली एखादी पट्टी हलकेच धरतो. नटाच्या कानावर ती पडते, तो तिथूनच उचलतो, आणि तबला त्याच्या पहिल्या अक्षरावर ठेका सुरू न करता समेपर्यंत थांबतो. नटाला त्या रात्री घसा बसल्याचे जाणवले तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली येते, आणि प्रेक्षकांत कुणाला कळतही नाही. पद संपते न संपते तोच विनोदी प्रवेश येतो, आणि तीनतालातला तबला खडी गंमतीच्या ढोलकीची चाल घेतो. हे सगळे एकमेकांकडे पाहून, ऐकून होते; कागदावर लिहिलेले काही नसते.

बाई: हे कौशल्य मी नाकारत नाही. पण त्या रात्रीचे पद मी ऐकते तेव्हा राग दहा मिनिटेही उभा राहत नाही. आलापाला जागा नाही. मालकंसाची दोन आवर्तने, टाळ्या, आणि लगेच चित्रपटाचे गाणे. ऐकणाऱ्याला वाटते, मालकंस म्हणजे एवढाच. ‘द पियानो गाइज’ या अमेरिकी जोडीचेही तेच. बेथोव्हेनची सिंफनी अर्ध्या तासाची. त्यांनी तिचे तुकडे गाण्यात लावले. लोकांना वाटले, सिंफनी ऐकली.

मास्तर: कुणाला वाटले असेल. पण बाई, त्या मंडपात चार-पाच हजार माणूस बसतो. त्यातल्या किती घरांत तंबोरा आहे? मालकंस त्यांच्या कानावर कुठून पडणार? दोन आवर्तनांतून पडला. त्यातला एखादा पोरगा तुमच्याकडे येतो आणि विचारतो, हे काय होते. तुमच्या वर्गात तालुक्यातून आलेली मुले आहेत ना?

बाई: आहेत. काही नाटक पाहूनच आली आहेत.

मास्तर: मग?

बाई: मग त्यांना आधी पदाची सवय मोडून ख्याल शिकवावा लागतो. हरकती पाठ असतात, स्वर लागलेला नसतो. तिहाई येते, षड्ज येत नाही.

बाईंचे हे म्हणणे पटण्यासारखे आहे आणि मास्तरांकडे त्याला पुरते उत्तर नाही. मिश्र संगीतातून शिकलेला कान परिणाम आधी पकडतो आणि पाया नंतर. याला दोष द्यायचा की दार म्हणायचे, हे पुढे शिकवणारा कोणी भेटतो की नाही यावर ठरते. गोंदिया शहरात, आमगाव-तिरोड्यात गायनाचे वर्ग आहेत म्हणून ते दार आहे. ते नसते तर भिंत झाली असती. मिश्रणाच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक या गोष्टीकडे लक्ष देत नाहीत. शास्त्रीय शिक्षणाची जागा नाटक भरून काढू शकत नाही. त्याने ते काम अंगावर घेतलेही नव्हते.

संवाद यानंतर कीबोर्डवर आला, आणि दोघांच्या बाजू थोड्या सरकल्या.

बाई: आणि आता तुमचा ऑर्गनही गेला. कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. काही ठिकाणी तर पेनड्राइव्ह लावतात आणि नट ओठ हलवतो.

मास्तर: कीबोर्डवर माझा राग नाही. वजनाने हलका, आवाज मोठ्या मंडपात पोहोचतो, बासरी, व्हायोलिन, चेलोसुद्धा त्यातून निघतो. पिचची चकती फिरवली की थोडी मींडही येते. पॅडवर ढोलकी वाजवणारी मुले हुशार आहेत. पण बटन दाबून ठेका आपोआप सुरू केला की तो थांबत नाही. नट अडखळला, शब्द विसरला, रडला, तरी ठेका पुढे जातो. पेनड्राइव्हला तर नट दिसतच नाही.

बाई: इथे आपण एका बाजूला आलो.

मास्तर: आलो, पण कारण वेगळे. तुम्हाला ते अशुद्ध वाटते. मला ते बहिरे वाटते.

‘द पियानो गाइज’च्या ध्वनिमुद्रणांवरही हीच चर्चा लागू होते. त्यांच्या अनेक रचनांत एकच चेलो पुन्हापुन्हा मुद्रित करून थरांवर थर चढवलेले असतात. कुठे गजाने ओढलेली धून, कुठे बोटांनी छेडलेला खर्ज, कुठे चेलोच्या लाकडावर थाप मारून काढलेला ताल. ऐकताना पूर्ण वाद्यवृंद वाटतो, वाजवणारे दोघेच. ती उघड रचना आहे, तिचे तंत्र कोणी लपवलेले नाही, आणि मुद्रणासाठी ती योग्यही आहे. मंडपातला प्रयोग मात्र रोज वेगळा होतो: नट वेगळा, गाव वेगळे, थंडी वेगळी. तिथे थरांचे मुद्रण नटाला बांधून टाकते. महाराष्ट्रात केशवराव भोळे यांनी 1930 च्या दशकात प्रभातच्या चित्रपटांसाठी पियानो, हवाइयन गिटार आणि व्हायोलिन वापरले, पण वादक समोर बसलेले होते आणि चाल गायकाच्या शब्दाकडे पाहून बांधलेली होती. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभा करून रागांवर बांधलेल्या रचना सादर केल्या आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना गायक म्हणून घेतले. तोही माणसांनी माणसांना ऐकण्याचाच प्रयोग होता. विशेष म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या शाळांत गजवाद्ये आणि स्वरलिपी शिकलेल्या अशाच वादकांमुळे मुंबईच्या चित्रपटसंगीतात चेलो घरचा झाला. झाडीपट्टीत कीबोर्डच्या बटनातून निघणारा चेलोचा आवाज त्या वादकांच्या वाटेनेच इथवर आला आहे.

बाई: बटनातला चेलो सोडा. खरा चेलो आणि एखादा पियानोसारखा कीबोर्ड घेऊन दोघे वादक गोंदियाला आले, तर तुम्ही त्यांना काय वाजवायला सांगाल?

मास्तर: दंडार.

बाई: चेलोवर दंडार?

मास्तर: का नको? चेलोचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या जवळ आहे. आपल्याकडे गजवाद्य नव्हते असे तुम्हाला वाटते, पण होते. परधानांचे.

मास्तरांनी दाखवलेला हा धागा जिल्ह्याच्या सांगीतिक नकाशात सहसा येत नाही. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. ते बडादेवाची आणि गोंड कुळांची गाणी गजाने वाजवायच्या वाद्यावर गातात. उत्तरेला मध्य प्रदेशाकडे त्या वाद्याला बाना म्हणतात, दक्षिणेला किकरी. तारा साधारण तीन, पडदे नाहीत. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला शेजारच्या राज्यांतून गोंड भाविक येतात, तेव्हा या गायनपरंपरेचा सगळा मुलूख एका डोंगरापाशी जमतो. गजावर स्वर सरकवण्याची कला झाडीपट्टीला बाहेरून आणावी लागली नाही. ती नाटकाच्या मंडपात कधी बसली नाही, एवढेच. संगीत नाटक पुण्या-मुंबईहून ऑर्गन घेऊन आले आणि ऑर्गनच्या शेजारची रिकामी जागा पाहायची कोणाला गरज वाटली नाही. या सगळ्या चर्चेत सर्वांत हळहळ वाटावी अशी गोष्ट हीच.

बाई: चेलो जमिनीवर बसून वाजवता आला तर आपल्या माणसाला तो शिकणे सोपे जाईल.

मास्तर: तसा केलेला आहे.

डच चेलोवादक सास्किया राव-द हास यांनी भारतीय संगीतासाठी चेलोचे रूप बदलून घेतले: आकार लहान, वाजवायची एक तार जास्त, खाली तरफा, आणि बैठक जमिनीवरची. रागसंगीतात चेलो चालतो हे त्यांच्या वादनाने दाखवले आहे, आणि म्हणून बाईंचा पुढचा प्रश्न चेलोवर न येता पियानोवर आला.

बाई: चेलोने राग घ्यायला माझी हरकत नाही. पियानोने त्याखाली काय वाजवायचे ते मला सांगा. युरोपात तीन-चार स्वर एकदम दाबतात. भूपाखाली सा-ग-प दाबला तर तो चढा गंधार पुन्हा आला.

मास्तर: मग गंधार काढा. डाव्या हाताने सा आणि प, उजव्याने कधी वरचा सा. गंधार चेलोचा.

बाई: भूप, दुर्गा चालेल. दरबारी, तोडी, भैरव पट्टीखाली नको.

मास्तर: दरबारीत पियानो गप्प बसेल. पण दंडारीत त्याला मोकळा सोडा. तिथे पियानोने ढोलाचे काम करावे. खालच्या पट्ट्यांवर ठोका द्यावा, चेलोने गड्याच्या गळ्यासारखे गावे.

ही वाटणी तांत्रिकदृष्ट्या पक्की आहे. पियानोचा षड्ज-पंचम तंबोऱ्यातल्या षड्ज-पंचमापासून जेमतेम दोन भागांनी वेगळा असतो, म्हणजे कानाला तो जुळलेलाच लागतो. खटकते ते गंधार-धैवतांशी. ते स्वर पियानोने गाळले तर बाईंचा पहिला आक्षेप बराचसा गळून पडतो. उलट दंडारीच्या, खडी गंमतीच्या चालींत स्वरापेक्षा ठोका आणि शब्द पुढे असतात, तिथे पट्टीचा चढा गंधार कोणी मोजत नाही आणि पियानोचा आघात उपयोगी पडतो. एकच जोडी, पण रागात गज पुढे आणि लोकगीतात पट्टी पुढे. शुमान आणि पियाझोला यांच्या रचनांतही दोन वाद्यांचे वजन असेच मागेपुढे होत राहते.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे जमले नाही.

बाई: आलापात पियानो पूर्ण थांबला पाहिजे. चेलो एकटा. मागे तंबोरा.

मास्तर: मंडपात? रात्री दीडला? एकट्या वाद्याचा आलाप पाच मिनिटे चालला की मागची माणसे चहाच्या टपरीकडे निघतात. निदान वरचा षड्ज मधूनमधून हवा.

बाई: तो षड्ज विरतो आणि प्रत्येक वेळी नव्याने आदळतो. त्या आदळण्याने आलाप तुटतो.

मास्तर: मग खालचा घ्या. खर्जातला पियानोचा सूर बराच वेळ टिकतो. पायाने दांडी दाबून धरली की आणखी.

बाई: एकदाच. आलापाच्या सुरुवातीला.

मास्तर: दोनदा. एकदा सुरुवातीला, एकदा चेलो पंचमावर पोहोचला की.